बारावीनंतर चार वर्षांची पदवी : कॉलेज निवडताना आणि फी भरताना काय बघायचं?

देवगाव फाटा (ता. सेलू) : बारावीचा निकाल लागला की फाट्यावरच्या झेरॉक्स आणि मल्टी सर्व्हिसेसच्या दुकानांत गर्दी सुरू होते. एक रस्ता सेलूला, एक जिंतूरला, एक मंठ्यामार्गे जालन्याकडे. लेकराला कुठल्या रस्त्याला लावायचं, हा प्रश्न त्याच आठ-पंधरा दिवसांत सोडवायचा असतो. त्याच दिवसांत पेरणी असते, खत-बियाणं असतं आणि हातात पैसा नसतो. मग जो आधी फोन करतो, "सीट पक्की करून देतो" म्हणतो, त्याचंच ऐकलं जातं. नुकसान तिथंच होतं. चार वर्षांच्या शिक्षणात किती पैसे वाचतील, हे बहुतेक वेळा मार्कांइतकंच प्रवेश कोणत्या दारातून घेतला यावरही ठरतं.

चार वर्षांच्या पदव्या कोणत्या?

अभियांत्रिकी (बी.ई., बी.टेक.), बी.एस्सी. कृषी आणि कृषीतल्या इतर शाखा, बी.फार्मसी, बी.एस्सी. नर्सिंग या पूर्वीपासूनच चार वर्षांच्या आहेत. शिक्षक व्हायचं असेल तर बी.ए.-बी.एड. किंवा बी.एस्सी.-बी.एड. असा एकत्रित चार वर्षांचा अभ्यासक्रमही निघाला आहे, पण तो अजून मोजक्याच ठिकाणी आहे.

साधं बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. आता तीन वर्षांचं की चार, यावर गावात बराच गोंधळ आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवी रचना आली. तीन वर्षं पूर्ण केली की पदवी मिळतेच. चौथं वर्ष केलं तर 'ऑनर्स' पदवी मिळते. एका वर्षानंतर शिक्षण सोडावं लागलं तर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर सोडलं तर पदविका मिळण्याची सोय आहे, मात्र त्यासाठी ठरलेले क्रेडिट आणि जोडीचं काम पूर्ण असावं लागतं. मिळवलेले क्रेडिट ऑनलाइन खात्यात जमा होतात. हे खातं म्हणजे 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स', आणि कॉलेज जो एबीसी किंवा अपार आयडी मागतं तो यासाठीच.

मग चौथं वर्ष करायचं का? एमपीएससी, यूपीएससी किंवा बँकेच्या परीक्षा द्यायच्या असतील तर तीन वर्षांची पदवी पुरते. पुढं एम.ए., एम.एस्सी. करायचंच असेल तर चौथ्या वर्षाचा फायदा आहे, कारण नंतरची पदव्युत्तर पदवी एका वर्षात होऊ शकते. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण असतील तर थेट पीएच.डी.साठीही पात्र होता येतं. ज्याला यातलं काहीच करायचं नाही, त्यानं केवळ "नवीन नियम आहे" म्हणून एक वर्ष जास्त खर्च करू नये.

जवळ काय आहे?

एक काळ असा होता की मराठवाड्यातल्या पोराला पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं. औरंगाबादला विद्यापीठ आलं ते १९५८ मध्ये. त्यातून वेगळं होऊन नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला सुरू झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्याकडं आहेत. सेलू, जिंतूर, परभणी इथली कला, वाणिज्य, विज्ञान कॉलेजं याच विद्यापीठाला जोडलेली आहेत.

परभणी जिल्ह्याची खरी मिरवण्यासारखी संस्था म्हणजे कृषी विद्यापीठ. १८ मे १९७२ ला मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून स्थापना झाली, २०१३ मध्ये वसंतराव नाईक यांचं नाव दिलं गेलं. राज्यात अशी चारच कृषी विद्यापीठं आहेत : राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी. परभणीत कृषीसोबत अन्नतंत्र, कृषी अभियांत्रिकी, उद्यानविद्या, सामुदायिक विज्ञान हेही आहे. याच विद्यापीठाची सरकारी कृषी महाविद्यालयं लातूर, अंबाजोगाई, बदनापूर, धाराशिव आणि गोळेगाव इथं आहेत. फाट्यावरच्या पोराला परभणी नाही मिळालं तर बदनापूर काही लांब नाही. यादी भरताना पालक परभणी लिहितात आणि त्याखाली थेट खाजगी कॉलेज टाकतात, बदनापूर-गोळेगाव विसरतात. सरकारी आणि खाजगी कृषी कॉलेजच्या फीमध्ये मोठं अंतर असतं, म्हणून सगळी सरकारी नावं आधी आणि खाजगी नंतर, हा क्रम सोडू नये.

कृषीच्या गुणवत्ता यादीत शेती असणाऱ्या कुटुंबातल्या मुलांना अधिभार मिळत आला आहे. त्यासाठी सातबारा वेळेत आणि बरोबर नावाचा लागतो. आजोबाच्या नावावर जमीन आणि वारसाचा फेर झालेला नाही, अशी घरं तालुक्यात भरपूर आहेत. हा फेर जूनमध्ये होत नाही. तलाठ्याकडं आदल्या हिवाळ्यातच जावं.

अभियांत्रिकीसाठी नांदेडचं श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय (१९८१) आणि छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) ही मराठवाड्यातली पहिल्या पसंतीची नावं. पुण्याचं सीओईपी आणि मुंबईचं व्हीजेटीआय यांना राज्यभरातून चढाओढ असते.

बारावी मंठ्यात की सेलूत? यानंही फरक पडतो

ही गोष्ट फाट्याच्या आसपासच्या गावांसाठी खास आहे. देवगाव फाटा परभणी जिल्ह्यात, पण जालना जिल्ह्याची हद्द लागूनच आहे, आणि बरीच पोरं अकरावी-बारावीला मंठ्याला जातात. अभियांत्रिकीसारख्या प्रवेशात 'होम युनिव्हर्सिटी' म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात. आणि ही होम युनिव्हर्सिटी घराच्या पत्त्यावरून ठरत नाही, बारावी कुठून पास झाला त्यावरून ठरते. सेलूत किंवा जिंतूरला बारावी केलेल्या पोराचं होम विद्यापीठ नांदेड. मंठ्यात केलेल्याचं छत्रपती संभाजीनगर, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. एकाच गल्लीतली दोन पोरं, सारखेच पर्सेंटाइल, पण एकाला एका कॉलेजात होम कोट्यातून जागा मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, असं होऊ शकतं.

यात चांगलं-वाईट काही नाही. दोन्हीकडं कॉलेजं आहेत. पण पसंतीक्रम भरताना आपल्या कोट्याचा मागच्या वर्षीचा कटऑफ बघायचा, दुसऱ्याच्या कोट्याचा नाही. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या कटऑफ याद्या असतात. त्यात प्रवर्ग आणि होम, इतर, राज्यस्तर असे वेगवेगळे आकडे दिलेले असतात. काही मोठ्या सरकारी आणि स्वायत्त संस्थांत राज्यस्तरावर जागा भरतात, तिथं हा फरक लागत नाही.

बारावी राज्याबाहेर करणाऱ्यांनी तर आणखी जपावं. कोटा, हैदराबादला क्लाससाठी गेलेलं पोर तिथल्याच शाळेतून बारावी देतं. अभियांत्रिकीला आई किंवा वडिलांच्या महाराष्ट्राच्या अधिवास प्रमाणपत्रावर महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून अर्ज करता येतो, पण वैद्यकीयचा नियम याहून कडक आहे. अकरावीला नाव घालतानाच हे विचारून घ्यावं.

सीईटी आणि कॅप म्हणजे नेमकं काय

अभियांत्रिकी, फार्मसी आणि कृषीसाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते. पीसीएम आणि पीसीबी असे दोन गट. पेपर २०० मार्कांचा, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. साधारण ८० टक्के प्रश्न बारावीवर आणि २० टक्के अकरावीवर असतात, म्हणून अकरावीची पुस्तकं रद्दीत घालू नयेत. नर्सिंगची सीईटी वेगळी असते. बीबीए, बीसीए यांनाही २०२४-२५ पासून सीईटी लागू झाली. सीईटीचे फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या आधीच सुटतात आणि बंदही होतात. "निकाल लागल्यावर बघू" म्हणणाऱ्याचा रस्ता तिथंच बंद होतो.

सीईटीनंतर येते ती कॅप, म्हणजे सरकारची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. ऑनलाइन नोंदणी, कागद तपासणी, गुणवत्ता यादी, पसंतीक्रम आणि मग फेऱ्या. पसंतीक्रमात पहिल्या नंबरला जे लिहिलं ते मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. म्हणून 'बघू तर' म्हणून पहिल्या नंबरला काहीही टाकू नये. फॉर्म दुकानदारानं भरला तरी पसंतीक्रम पालकांनी आणि पोरानं घरी कागदावर लिहून न्यावा. कुठल्या दुकानदाराला कुठल्या कॉलेजकडून काय मिळतं, हे गिऱ्हाईकाला दिसत नाही. पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाईल स्वतःकडंच ठेवावा.

दार बदललं की सवलत गेली

आता मुख्य मुद्दा. खाजगी विनाअनुदानित कॉलेजात साधारण २० टक्के जागा संस्था स्तरावर भरतात. त्यालाच लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात. एजंट जूनमध्ये ज्या जागा "पक्क्या" करून देतो त्या या. इथं प्रवेश घेतला की राज्य सरकारच्या शुल्क सवलतीच्या मुख्य योजना मिळत नाहीत, कारण त्यांची पहिली अट कॅपमधून प्रवेश ही आहे. खाजगी विद्यापीठ आणि अभिमत विद्यापीठ यांनाही या योजना लागू नाहीत. नाव 'युनिव्हर्सिटी', इमारत काचेची, बस घरापर्यंत येते, सगळं खरं, पण फी पूर्ण खिशातून.

हे पैशात किती होतं ते बघू. समजा एका खाजगी अभियांत्रिकी कॉलेजची शिकवणी फी वर्षाला ८०,००० रुपये आणि विकास शुल्क ८,००० रुपये आहे. खोली आणि मेस मिळून महिन्याला ५,५०० धरले तर दहा महिन्यांचे ५५,०००. पुस्तकं, प्रवास, मोबाईल वगैरे १२,०००. मॅनेजमेंट कोट्यातला मुलगा वर्षाला १,५५,००० आणि चार वर्षांत ६,२०,००० खर्च करील. तोच मुलगा कॅपमधून त्याच कॉलेजात, त्याच वर्गात गेला आणि त्याला निम्मी शिकवणी फी माफ असली, तर वर्षाचे १,१५,००० आणि चार वर्षांचे ४,६०,०००. मुलगी असेल आणि पूर्ण माफी असेल तर वर्षाचे ७५,००० आणि चार वर्षांचे ३ लाख. पहिल्या दोघांतला फरक १,६०,००० रुपये. २०२५-२६ च्या मध्यम धाग्याच्या कापसाच्या ७,७१० रुपये हमीभावानं तो जवळपास २१ क्विंटल कापूस होतो, आणि हमीभाव मिळाला तर. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येक कॉलेजची खरी फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर बघता येते. २०१५ च्या कायद्यानं हे प्राधिकरण आलं. ठरलेल्या फीपेक्षा जास्त मागणं किंवा डोनेशन घेणं हा तर १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्यानुसार गुन्हा आहे. प्रत्येक रुपयाची पावती मागावी. पावती मिळत नसेल तर तो पैसा फीचा नाही, एवढं समजून घ्यावं.

एजंट आणखी एक करतो. टीसी आणि मार्कशीट "व्हेरिफिकेशनसाठी" मूळ घेऊन ठेवतो. मग पोराला कॅपमध्ये चांगलं कॉलेज लागलं तरी कागद अडकलेले. मूळ कागद कॉलेजच्या खिडकीशिवाय कुणाच्याही हातात देऊ नयेत. ठरलेल्या शेवटच्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी फी परत द्यावी लागते. ती तारीख प्रवेश घेतानाच लिहून ठेवावी.

कोणाला किती माफी

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना, जिला सगळे 'ईबीसी' म्हणतात, ती कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्यांसाठी आहे. खुल्या गटातल्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिकवणी आणि परीक्षा फीच्या ५० टक्के मिळतात. कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांनाच ती मिळते, आणि शिक्षणात दोन वर्षांपेक्षा जास्त खंड चालत नाही. सीईटीचे दोन-तीन वर्ष रिपीट करणाऱ्यांनी ही अट लक्षात घ्यावी. ओबीसी मुलांना निम्मी, तर विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला पूर्ण शिकवणी व परीक्षा फी मिळते.

मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय मोठा आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ. याआधी निम्मीच होती. "पोरीला कशाला लांब, इथंच बी.ए. करू दे" असं म्हणणाऱ्या घरांत हा हिशोब एकदा तरी मांडला जावा. वर दाखवल्याप्रमाणे त्याच कॉलेजात आता मुलीचं शिक्षण मुलापेक्षा स्वस्त पडतं.

माफी शिकवणी आणि परीक्षा फीची आहे. विकास शुल्क, मेस, बस, गणवेश, अनामत हे बहुतेक योजनांत येत नाही, ते भरावंच लागतं. म्हणून "फी फुल माफ" ऐकून रिकाम्या हातानं कॉलेजात जाऊ नये. मात्र जी रक्कम सरकार देणार आहे ती प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याकडून भरून घेऊ नये, असं शासनानं कॉलेजांना वेळोवेळी बजावलं आहे. कॉलेज अडून बसलं तर लेखी मागावं आणि जिल्ह्याच्या संबंधित कार्यालयात किंवा तंत्रशिक्षण विभागाकडं तक्रार करावी.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर फ्रीशिप. शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतो. त्यातली फीची रक्कम लगेच कॉलेजात भरायची असते. घरात अडचण असते, पैसा दुसरीकडं खर्च होतो आणि वर्षाच्या शेवटी कॉलेज हॉल तिकीट अडवतं. खात्यावर पैसे आले की पहिले कॉलेजला, मग बाकीचं.

यापलीकडं टीएफडब्ल्यूएस नावाची एक जागा असते, जिच्याकडं गावातल्या लोकांचं लक्ष जात नाही. अभियांत्रिकीच्या प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या ५ टक्के जादा जागा. उत्पन्न ८ लाखांच्या आत, जात कोणतीही, मुलगा असो की मुलगी, चारही वर्षांची शिकवणी फी माफ. कॅपच्या फॉर्ममध्ये तिची स्वतंत्र निवड करावी लागते आणि कटऑफ जास्त असतो. नंतर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही. चांगले मार्क असलेल्या खुल्या गटातल्या मुलासाठी याहून स्वस्त रस्ता खाजगी कॉलेजात दुसरा नाही.

केंद्राच्याही काही आहेत. एआयसीटीईची प्रगती योजना : पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलींना वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्न ८ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. बारावी बोर्डात वरच्या २० टक्क्यांत येणाऱ्यांसाठी केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती : पहिली तीन वर्षं १२,००० आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षी २०,००० रुपये, उत्पन्न साडेचार लाखांच्या आत. या दोन्हींचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. एक घेतली की दुसरी चालते का, हे प्रत्येकीच्या अटीत बघावं, कारण दोन्हीकडं अर्ज करून एक रद्द होण्याचे प्रकार होतात.

राहण्या-खाण्याचं काय

फीपेक्षा राहणं-खाणं जड जातं, हे वरच्या हिशोबातही दिसतं. पहिला पर्याय सरकारी वसतिगृह. समाजकल्याण, आदिवासी विकास आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागांची वसतिगृहं वेगवेगळी आहेत आणि अर्जही वेगळे. तिथं जागा नाही मिळाली तर अनुसूचित जातीसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे अशा शहरांत वर्षाला ६०,०००, इतर विभागीय शहरं व महापालिका क्षेत्रात ५१,००० आणि बाकी जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. याच धर्तीवर आदिवासींसाठी स्वयं आणि ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना.

अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. इथं अल्पभूधारक असल्याचा दाखला लागतो. तालुक्यात ज्यांच्या नावावर दोन-चार एकर आहे अशी बहुतेक घरं यात बसू शकतात, तरी अर्ज करणारे थोडे दिसतात. कारण सोपं आहे, ईबीसीचा अर्ज भरताना दुकानदार ही दुसरी योजना सांगत नाही.

घरून ये-जा जमत असेल तर एसटीचा विद्यार्थी पास बघावा, त्यात जवळपास दोन तृतीयांश सवलत मिळते. मुलींचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास बारावीपर्यंतच असतो, पदवीला तो चालत नाही. सेलूला रेल्वे स्टेशन असल्यानं परभणी किंवा जालन्याला मासिक पासवर जाणं आणखी स्वस्त पडतं, मात्र फाट्यावरून सेलूपर्यंतची पहिली आणि शेवटची गाडी जुळते का, ते आधी आठवडाभर बघून घ्यावं. प्रॅक्टिकल संध्याकाळी सुटतं.

कागदं : हीच खरी शर्यत

जात प्रमाणपत्र वेगळं आणि जात वैधता वेगळी. आरक्षित जागेसाठी वैधता लागते. तिचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजच्या शिक्क्यानं जिल्हा जात पडताळणी समितीकडं द्यायचा असतो. जुने पुरावे शोधण्यात, आजोबाच्या शाळेचा निर्गम उतारा काढण्यात महिने जातात. वैधता नसल्यानं आरक्षित जागा सोडावी लागलेली पोरं दरवर्षी असतात. शासन कधी कधी मुदत वाढवतं, पण त्या भरवशावर बसू नये.

ओबीसी, भटके-विमुक्त, एसईबीसी यांना नॉन क्रिमिलेयर लागतं, आणि त्याची मुदत प्रवेशाच्या वर्षाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत असावी लागते. मागच्या वर्षी काढलेलं संपलेलं असतं, आणि हे खिडकीवर गेल्यावर कळतं. मराठा कुटुंबांना २०२४ च्या कायद्यानं एसईबीसीत १० टक्के आरक्षण आहे, तो वाद न्यायालयात आहे. ज्यांची कुणबी नोंद सापडली ते ओबीसीत जातात. प्रवर्ग एकच निवडायचा असतो, आणि फॉर्ममध्ये एक लिहून कागद दुसऱ्याचा जोडला तर दोन्ही जातात.

बाकीचे : तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र, खुल्या गटासाठी ईडब्ल्यूएस, रेशन कार्ड, दहावी-बारावीच्या मार्कशीट, टीसी. नावातला फरक आधीच मिटवावा. आधारवर 'ज्ञानेश्वर', मार्कशीटवर 'ज्ञानोबा' असेल तर महाडीबीटी अर्ज पुढं सरकत नाही. आधार बँक खात्याला नुसतं जोडलेलं असून भागत नाही, सरकारी पैसे येण्यासाठी ते एनपीसीआयला मॅप असावं लागतं. बँकेत जाऊन "डीबीटी चालू आहे का" एवढंच विचारावं.

महाडीबीटीचा अर्ज एकदा भरला की चार वर्षं मिटलं, असा समज आहे. तसं नाही. दरवर्षी नूतनीकरण लागतं. भरलेला अर्ज कॉलेजच्या लॉगिनमध्ये अडकून राहतो, तिथल्या क्लार्कनं पुढं पाठवल्याशिवाय तो जिल्ह्याला जात नाही. पंधरा दिवसांनी लॉगिन करून अर्ज कुठं आहे ते पोरानं स्वतः बघावं. परत पाठवलेला अर्ज दुरुस्त करायला मोजके दिवस मिळतात.

पैसे कमी पडले तर कर्ज

फी जुलै-ऑगस्टमध्ये भरायची आणि सोयाबीन ऑक्टोबरमध्ये, कापूस त्याहून उशिरा. या मधल्या तीन-चार महिन्यांसाठी लोक सावकाराकडं किंवा सोनं घेऊन जातात. त्याआधी कॉलेजला हप्ते पाडून मागावेत, अर्ज लेखी द्यावा. बरीच कॉलेजं ऐकतात.

मोठी रक्कम लागत असेल तर बँकेचं शैक्षणिक कर्ज. चार लाखांपर्यंत तारण मागितलं जात नाही, साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या हमी योजनेमुळं तारणाशिवाय मिळू शकतं. परतफेड शिक्षण संपल्यावर एका वर्षानं सुरू होते, पण व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. समजा दरवर्षी एक लाख असे चार लाख घेतले आणि १० टक्के सरळ व्याज धरलं, तर हप्ते सुरू होण्याच्या दिवशी १,४०,००० रुपये व्याज झालेलं असतं. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, अभ्यासक्रम व्यावसायिक असेल आणि कॉलेजला नॅक किंवा एनबीए मानांकन असेल, तर शिक्षणाच्या काळातलं हे व्याज केंद्र सरकार भरतं. बँक स्वतःहून सांगेलच असं नाही. कर्ज मंजूर होतानाच या व्याज अनुदानाचा अर्ज द्यावा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना निवडक दर्जेदार संस्थांसाठी आहे. तिथं प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांच्या कर्जापर्यंत व्याजात ३ टक्के सूट. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, हे पोर्टलवर बघता येतं. इतर मागासवर्गीय महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजनाही आहे, तिची माहिती परभणीच्या जिल्हा कार्यालयात मिळते.

घरातलं पीक कर्ज थकलेलं असेल तर बँक शैक्षणिक कर्ज लांबवते. अशा वेळी आई सहकर्जदार होऊ शकते का, ते विचारावं. आणि पीक कर्ज काढून फी भरू नये. ते वर्षात फेडायचं असतं, शिक्षण चार वर्षं चालतं.

कॉलेज बघायला जाल तेव्हा

जाहिरातीतलं '१०० टक्के प्लेसमेंट' बाजूला ठेवून तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांना गाठावं. तास होतात का, लॅबला मशीन चालू आहे का, शिक्षक किती बदलले, गेल्या वर्षी शिष्यवृत्ती कधी आली, मेसचा महिना किती. कॉलेज कोणत्या विद्यापीठाला जोडलेलं आहे आणि मान्यता चालू वर्षाची आहे का, हे कागदावर बघावं. कृषी पदवी असेल तर राज्यातल्या चारपैकी कोणत्या कृषी विद्यापीठाची, हा एकच प्रश्न विचारावा. फार्मसीला फार्मसी कौन्सिल आणि नर्सिंगला नर्सिंग कौन्सिलची मान्यता नसेल तर पदवी हातात येऊनही नोंदणी होत नाही.

शाखेबाबत बोलायचं तर सगळ्यांना कॉम्प्युटरच पाहिजे. पण खाजगी कॉलेजातलं पूर्ण फीचं कॉम्प्युटर आणि सरकारी कॉलेजातलं सिव्हिल किंवा इलेक्ट्रिकल यात निवड करायची झाली, तर कर्ज न काढता शिकता येईल अशा घरासाठी दुसरा पर्याय बहुतेक वेळा बरा ठरतो. पोराला त्या विषयाची अजिबातच आवड नसेल तर गोष्ट वेगळी. हे पोरालाच विचारावं, शेजाऱ्याला नाही.

यंदा बारावीत असलेल्यांच्या घरी आत्ता करण्याजोगं काम : वैधतेच्या अर्जाची पावती शोधणं, सातबारा आणि वारसाचा फेर तपासणं, पोराच्या आधारवरचं नाव मार्कशीटशी जुळवणं आणि सीईटीच्या फॉर्मची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिणं.